चिखलोलीचे बारा दगड

काश्मीरला जाऊन आलेल्या बायका दल सरोवरातल्या शिकाऱ्यांबद्दल लिहितात, काशीला जाऊन आलेल्या गंगेबद्दल. मी चिखलोलीला जाऊन आले. चिखलोली कुठे आहे, असं साताऱ्यात मला भेटेल त्याने विचारलं. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे आहे. भाताची खाचरं, काही घरं आणि उघडा काळा खडक, एवढंच तिथे आहे. काळा खडक पाहायला सातारा सोडून दुसरीकडे जाणारी बाई माझ्याआधी कोणी झाली नसेल. आमच्या परसातही तोच आहे. तरी मी हे लिहिते आहे, कारण मला राग आला आहे. परत येऊन कित्येक महिने झाले तरी तो उतरत नाही. आमचे हे म्हणतात, "लिहून काढ, म्हणजे भाजीत मीठ तरी बरोबर पडेल."

तर कुमुदपासून सुरुवात करते. कुमुद माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. एम. एस्सी. झाली आणि मुंबईच्या एका संस्थेत संशोधन करते. कशाचं, हे सांगताना भावाची दर वेळी त्रेधा उडते. स्थळ घेऊन आलेल्यांना तो म्हणतो, "दगडांचं काहीतरी," आणि माणसं चहा संपवून उठतात.

खरं तर काम समजायला सोपं आहे; मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. आपला हा काळा दगड कोणे एके काळी पातळ रस होता, जमिनीच्या भेगांतून वर येऊन पसरलेला. त्यात लोखंडाचे बारीक बारीक कण असतात. रस निवत आला की हे कण त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेप्रमाणे तोंड करतात आणि तसेच थिजतात. आपण वड्या थापतो तेव्हा पाकात बदामाचा काप जसा पडला तसा अडकतो, तसंच हे. कण कुठल्या बाजूला आणि किती कललेले आहेत ते मोजलं की जमीन तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर कुठे होती ते कळतं. कुमुदच्या म्हणण्याप्रमाणे आपला देश तेव्हा विषुववृत्ताच्या पार खाली, दक्षिणेच्या समुद्रात होता आणि मग सरकत सरकत इथे आला.

"म्हणजे सातारासुद्धा?" मी विचारलं.

"सातारासुद्धा, आत्या."

"आणि आम्हाला कोणी कळवलं नाही."

अडचण एकच. दगड फोडून काढायच्या आधी, तो खडकाला चिकटून आहे तोवरच, त्याच्यावर उत्तरेचा बाण काढावा लागतो आणि पाणसळ लावून आडवी रेघ मारावी लागते. एकदा दगड सुटा झाला की तो कुठे तोंड करून बसला होता हे बाणाशिवाय कळायला मार्ग नाही. बाण गेला की दगड मुका.

आदल्या हिवाळ्यात कुमुदने संस्थेच्या शिपायाला घेऊन चिखलोलीचे दगड आणले होते. ते मोजले तर कण उत्तरेऐवजी दक्षिणेकडे तोंड करून बसलेले. कुमुद हरखून गेली. त्या काळी पृथ्वीचं चुंबकच उलटं होतं, असा तिने अर्थ लावला. तिच्या वरचे जे गृहस्थ आहेत, त्यांना मी इथे 'सर' म्हणते, नाव लिहायची माझी इच्छा नाही. सर सगळ्या मंडळींसमोर म्हणाले, "पृथ्वी उलटी नव्हती, तुमचे बाण उलटे आहेत. बायकांना दिशा कळत नाहीत, हे मी घरी रोज पाहतो." सगळे हसले. कुमुदही हसली, आणि हे तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. तू का हसलीस ते सांग, म्हणून मी तिलाच झापलं.

तिला एक संधी मिळाली. एक परदेशी शास्त्रज्ञ नाजूक यंत्र घेऊन संस्थेत आले होते आणि शनिवारी परत निघणार होते. त्याच जागचे नवे दगड, नीट बाण काढून, शनिवारपर्यंत आले तर ते मोजायचे. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार आणि कुमुदने ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावत बसायचं. भावाने अट घातली की रानावनात एकटी जायचं नाही. मग सोबत म्हणून कोण मोकळं आहे? आत्या. माझी मुलं मोठी झाली, माझ्यावाचून कोणाचं अडत नाही, असं सगळ्यांचं एकमत दिसलं.

अंबरनाथ

आम्ही उतरलो नानांकडे. नाना भावाचे शाळेतले मित्र, अंबरनाथच्या एका कारखान्यात भांडारावर अधिकारी. कारखान्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. त्यांच्या वसाहतीत एकसारखी बैठी घरं, पुढे बाग, मागे मोरी. माणूस सज्जन. कारखान्यात आलेला प्रत्येक खिळा ते मोजून घेतात आणि मोजून देतात. घरीही तसंच. जेवायला बसल्यावर त्यांच्या पत्नीने, कमलताईंनी, मला तिसरी पोळी वाढली तेव्हा ते म्हणाले, "तीन झाल्या." ते सहज म्हणाले असतील, असं मी धरून चालले. मग दुसऱ्या दिवशी कमलताईंनी सांगितलं की ते सहज काही म्हणत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी नानांनी आम्हाला शंकराचं देऊळ दाखवलं. काळ्या दगडाचं, वालधुनीच्या काठी, अंगभर कोरलेलं. मी हात जोडून उभी, आणि कुमुद होकायंत्र काढून एकेका दगडाजवळ नेते आहे.

"देवळातले दगड चालतील का तुला?" नानांनी विचारलं.

"नाही हो, काका. पाथरवटांनी ते हवे तसे फिरवून बसवलेत. मला न हललेला दगड हवा."

"दगड तो दगड," नाना म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

चिखलोलीचा माळ

सकाळी टांगा करून गेलो. हवा छान गार, समोर मलंगगड निळा दिसत होता. मी छत्री, डबा, पाण्याची बाटली आणि पानाचा बटवा घेऊन एका धोंड्यावर बसले, आणि कुमुद पदर खोचून कामाला लागली. तिचं काम बघत राहण्यासारखं आहे. दगड निवडते, त्यावर पाणसळ ठेवते, होकायंत्र ठेवते, शिवाय एक बारीक काडी उभी करून तिच्या सावलीवरून ताळा घेते. मग पेन्सिलीने बाण, वर शाई. आणि मग छिन्नी-हातोडा.

पहिल्याच दगडापाशी ती थबकली. सुई आणि सावली यांचा मेळ बसेना. पुन्हा केलं, तरी नाही. तिचा चेहरा उतरला.

"आत्या, मागच्या वेळीही असंच झालं असलं तर? सर म्हणाले ते..."

"सरांचं नाव काढू नकोस," मी उठून तिच्याजवळ गेले, तशी सुई माझ्याकडे झुकली.

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. मग बटव्याकडे.

"काय आहे त्यात?"

"पान, सुपारी, कात, चुना."

"आणि?"

"अडकित्ता."

लोखंडी, चांगला दणकट, माझ्या सासूबाईंचा. मला त्या बटव्यासकट लांबच्या पळसाखाली पाठवण्यात आलं. भाचीच्या विज्ञानाला सोबत म्हणून आलेली आत्या, विज्ञानाला अडथळा नको म्हणून झाडाखाली. तिथूनच मी दिवसभर साक्षीदाराचं काम केलं. अडकित्त्याने सुई जराशी ढळते, उत्तरेची दक्षिण होत नाही, असं कुमुदने मला तिथून ओरडून सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून नसावं; तिलाच बरं वाटलेलं दिसलं.

पळसाखाली माझ्याशेजारी एक आगरीण येऊन उभी राहिली. नाव जनाबाय. कासोट्याचं लुगडं, हातात कोयता, आणि नजर कुमुदच्या बाणांवर.

"कुनाची जमीन न्हेताव आता?" तिने विचारलं.

"कोणाची नाही हो. ती दगड मोजते."

"मागचे येलेस पन मोजनाराच आला व्हता. त्यानं पन अशाच खुना केल्या. मंग मिलटरी आली. मिलटरी गेली, मंग सिंधी आले. माजे भावाचा शेत तिकरं व्हता, आता त्याचेवर बराकी हायेत."

"मग सरकारने मोबदला..."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पान लावायला घेतलं. एक तिला दिलं. तिने खाल्लं, पण माझ्या बाजूची झाली नाही. दुपारी मात्र मिठाच्या पाण्यात उकडलेल्या वालाच्या शेंगा आणून समोर ठेवल्या. आमच्याकडे वाल सोलून, बिरडं करून, नारळ लावून खातात. ही शेंग दातांत धरून ओढायची. मी निम्मी ओटी शेंगा संपवल्या. जमीन घ्यायला आलेल्यांनाही जेवू घालायचं, हा तिथला रिवाज असावा.

दोन दिवसांत बारा दगड झाले, प्रत्येक साधारण नारळाएवढा. सुबक होते, खोटं कशाला बोलू. टांग्यातून आणून नानांच्या पडवीत ओळीने मांडले. कुमुदने सगळ्यांना बजावलं की यांना हात लावायचा नाही. नानांनी मोजले. "बारा," ते म्हणाले.

कॅम्प नंबर पाच

दगड गाडीतून नेताना एकमेकांवर घासू नयेत म्हणून खोकी हवी होती. कमलताई म्हणाल्या, कॅम्पात जा, तिथे सिंधी काहीही करून देतात. म्हणून गुरुवारी आम्ही उल्हासनगरला गेलो.

लष्कराच्या लांबच लांब बराकी, आणि प्रत्येक बराकीचे गोणपाट, पत्रे, साड्या लावून दहा संसार केलेले. पुढच्या पट्टीवर दुकानं: कोणी बिस्किटं भाजतो, कोणी शिलाई करतो, कोणी पाट्या रंगवतो. परमानंद नावाचा खोकी करणारा होता. त्याने दुपारपर्यंत बसायला सांगितलं आणि बायकोने आम्हाला आत बोलावलं. पाणी दिलं, आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. मला वाटलं, जेवणाचं पान मांडणार. मी हात धुवून वाट पाहत बसले. नंतर कळलं की पाणी आणि पापड हेच त्यांचं आगत-स्वागत. आपल्याकडे गूळ-पाणी, तसं. साताऱ्याच्या उन्हातून आलेल्या माणसाला पापड दिला असता तर तो पुन्हा पाणी मागायला लागला असता. पण चव अशी की मी दुसरा मागून घेतला.

बाई पापड लाटत लाटत बोलत होती. सिंधमधल्या शिकारपूरची. "बहनजी, ये लड़की पत्थर का क्या करती है?"

कुमुदने आपल्या हिंदीत सांगितलं, की ही सगळी जमीन लांबून चालत इथे आली आहे.

बाईचं लाटणं थांबलं. "चलके आई? हमारी तो नहीं चली, अदी, बहन. हम चले, वो वहीं बैठी रही।" आणि पुन्हा लाटायला लागली.

मी विचारलं, इथे बरं चाललंय का? ती म्हणाली, "बैठे हैं किसी के खेत पर। वो भी गाली देता होगा।" मला जनाबाय आठवली. मी पापडाचा तुकडा तोंडात टाकला.

खोकी झकास झाली. आत गवताची गादी. संध्याकाळी खुशीत परत आलो.

पुन्हा अंबरनाथ

वसाहतीच्या फाटकातच काहीतरी बदललेलं जाणवलं. रस्ता झाडलेला, झाडांच्या बुंध्यांना चुना, कुंड्यांना गेरू. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. हे आपल्या सगळ्या सरकारी-निमसरकारी वसाहतींत चालतं. साहेब येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला चुना फासतात. सातारच्या कचेरीतही मी पाहिलंय; एकदा बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याच्या चपलेला लागला होता.

नानांच्या बागेतल्या वाटेच्या दोन्ही कडांना दगडांची किनार होती, एक पांढरा, एक तांबडा, एक पांढरा, एक तांबडा. ओली, चकचकीत.

पडवीत बारा दगड होते. ओळीने. कुमुदने पहिला उचलला, उलटा केला, दुसरा उचलला. "आत्या," ती म्हणाली, "हे माझे नाहीत."

नाना हात पुसत बाहेर आले, प्रसन्न. "किनारीला तेवढेच कमी पडत होते. तुमचे अगदी मापाचे निघाले. पण काळजी करू नकोस, मी तुझी जागा मोकळी ठेवलेली नाही. रस्त्याच्या खडीच्या ढिगातून बारा आणून ठेवलेत. तुझ्या दगडांपेक्षा चांगले आहेत, जड. बारा घेतले, बारा ठेवले. हिशेब पुरा."

"काका," कुमुद म्हणाली, "त्यांच्यावर बाण होते."

"हो, कोणा पोरांनी रेघोट्या मारल्या होत्या. माळ्याने तारेच्या ब्रशने साफ घासून घेतले. उगाच चुन्यातून वर दिसायच्या."

मी तेव्हा काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही, काही कुटुंबातले लोकही हे वाचतील. "नाना, तुम्ही एखाद्याच्या बायकोला नेऊन तिच्या जागी तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवाल आणि हिशेब पुरा म्हणाल," इतकं मात्र बोलले, हे कबूल आहे. कमलताई आतून म्हणाल्या, "वजन करूनच ठेवतील." नाना खरोखर गोंधळले होते. वाईट माणूस असता तर माझा राग कुठेतरी टेकला असता. पण ते भले होते, मदत करत होते, आणि भल्या माणसाने केलेल्या मूर्खपणावर राग धरायला जागाच सापडत नाही. तो मग घरभर हिंडतो.

"आत्ताच काढून घेते," मी म्हटलं.

"आज नको, उद्या साहेब येऊन जाऊ देत," नाना काकुळतीला आले. "किनारीला खिंडार दिसलं तर माझी नोकरी..."

कुमुद पडवीच्या पायरीवर बसली होती. तिला सरांपुढे उभं राहायचं होतं, बाण नसलेले दगड घेऊन. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "तू नवे बाण काढ. आता तुला माहीत आहे उत्तर कुठे असते ते. कोणाला कळणार आहे?"

"मला," ती म्हणाली. आणि मग, "आत्या, नाना काकांनी दगड घासलेत, फोडलेले नाहीत ना?"

"नाही."

"मग फुटलेली बाजू तशीच असेल. खडकात प्रत्येकाची खोबण आहे. दगड परत नेऊन आपापल्या खोबणीत बसवला तर तो पुन्हा होता तसाच बसेल. मग बाण पुन्हा काढता येईल."

दिशा कळत नाहीत म्हणे.

सकाळी उजाडता उजाडता मी बागेत होते. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आणि पहार घेतली. पहार कमलताईंनी आणून दिली आणि स्वतः खुरपं घेऊन पलीकडच्या कडेला बसल्या. लग्नाला वीस वर्षं झाली, त्या म्हणाल्या, या बागेत आज पहिल्यांदा मनासारखं काम करते आहे. कुमुद फुटलेल्या बाजू पाहून आपले दगड ओळखून दाखवत होती. नाना सदऱ्याच्या बाह्या चढवून दारात उभे.

"ताई, साहेब दहा वाजता..."

मी बाराही दगड काढले, आणि पडवीतले त्यांचे बारा खडीचे दगड आणून त्या खळग्यांत घट्ट बसवले. काळेकुट्ट, कोरडे, पांढऱ्या-तांबड्याच्या मधेमधे. मग कंबर सरळ केली आणि म्हटलं, "बारा काढले, बारा ठेवले, नाना. मोजून घ्या."

त्यांनी मोजले, हो. मी पाहिलं.

परत खडकावर

बैलगाडी केली. गाडीत परमानंदच्या खोक्यांत आमचे दगड, सहा पांढरे, सहा तांबडे, वरातीला निघाल्यासारखे. कुमुद ओल्या फडक्याने एकेक पुसत होती आणि बडबडत होती, की गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच, लावायला याहून वाईट काही सापडलं नसतं, बरं तर बरं की मोजायचा तो दगडाचा आतला गाभा. मी बटवा नानांकडेच ठेवला होता. पानावाचून माझं डोकं चढलं होतं, आणि सगळ्यांना त्याचा फायदा मिळत होता, गाडीवानालाही.

माळावर पोचलो, तर खोबणी दिसेनात. जनाबायने सगळ्या शेणामातीने लिंपून टाकल्या होत्या. ती स्वतःच पुढे आली, कोयता घेऊन.

"खुना मोरल्या मी," ती म्हणाली. "आता काय न्हेताव?"

"काही नेत नाही," मी ओरडले. ओरडायला नको होतं, पण आठवडाभराचा राग होता आणि समोर ती होती. "नेलेलं परत आणलंय. तुझेच दगड आहेत, परत बसवायला आणलेत."

जनाबाय गाडीजवळ गेली. तिने खोक्यात डोकावून पाहिलं, आणि हसायलाच लागली. हसता हसता खाली बसली.

"दगर परत द्याला आलाव? आनि रंगवून?" तिने पदराने डोळे पुसले. "नेलेला परत आनलेला माजे जल्मात पयलांदाच बगलं. भावाला सांगाला पायजे."

मग तिनेच कोयत्याने खोबणी मोकळ्या केल्या. कुठे कुठे लिंपलं होतं ते तिला बरोबर ठाऊक होतं, दिवसभर शिव्या देत तिने ते केलं होतं ना. कुमुद एक दगड उचलायची, खोबणीत धरायची, फिरवायची, पुन्हा फिरवायची, आणि मग एकदम तो आत जायचा, डब्याला झाकण बसतं तसा, दोघांमधे दोरा जाणार नाही इतका. असा पहिला बसला तेव्हा कुमुदने हात काढून घेतले आणि नुसती बघत बसली. मी सवयीने पळसाखालीच बसले होते; तिथून म्हटलं, "अगं, बाण काढ, उजेड आहे तोवर." या वेळी तिने शाईवर भरवसा ठेवला नाही. छिन्नीने कोरले.

अकरा बसले. बारावा, ओढ्याकडचा, कुठूनच बसेना. काढताना त्याच्या कडेचा टवका उडाला होता. कुमुदने त्याला सगळ्या बाजूंनी लावून पाहिलं. जनाबायनेही पाहिलं. मी लांबून सूचना केल्या. सूर्य खाली गेला.

"साधारण असा होता," मी म्हटलं. "मी पाहिला होता. काढ बाण."

"नाही."

"एकच आहे, कुमुद. अकरा आहेत ना खरे?"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि बारावा माझ्या हातात दिला. मला तिचाही राग आला. हट्टी मुलगी. आमच्या घराण्यातली.

मुंबई

शनिवारी मी कुमुदबरोबर संस्थेत गेले. माझं तिथे काम नव्हतं, म्हणूनच गेले. सरांची खोली मोठी, भिंतीवर जगाचा नकाशा. त्यांनी खोक्यातला दगड उचलला. खाचेत थोडा चुना राहिला होता.

"हे काय, दिवाळीचे दगड?" आणि मग कुमुदला, "या खेपेला तरी उत्तर उत्तरेलाच आहे ना?"

मी म्हटलं, "मी तिथे होते. तिने काडीच्या सावलीवरूनही ताळा घेतला. मला विचारा."

ते हसले. "आपण?"

"मी आत्या. मला दिशा फारशा कळत नाहीत. इथून उत्तर कुठे हो?"

त्यांनी न उठता, न बघता, खिडकीकडे हात केला. मी मान डोलावली; एवढ्या मोठ्या माणसाला ठाऊक असणारच. कुमुद जमिनीकडे पाहत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, अशी का उभी होतीस?

"ती पश्चिम आहे, आत्या. खिडकीतून समुद्र दिसतो."

मी परत आत निघाले होते. तिने माझा हात धरून ठेवला, म्हणून सरांना ते आजतागायत माहीत नाही.

अकरा दगड त्या परदेशी गृहस्थांच्या यंत्रावर मोजले गेले. अकराही दक्षिणेकडे तोंड करून बसलेले निघाले. मागच्यासारखेच. कुमुदने मला साताऱ्याला कळवलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, असं लोकांनी विचारलं, तर मी म्हटलं, "उलटे निघाल्याचे."

पुढचं मी इतक्या दिवसांनी लिहिते आहे, तरी लेखणी कागद फाडते. सर म्हणाले, परिणाम रंजक आहे, पण आणणारी व्यक्ती तीच होती, तेव्हा त्रयस्थ माणसाकडून पडताळणी व्हावी. त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याला चिखलोलीला पाठवलं. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. कुमुदनेच त्याला खोबणी दाखवल्या, जनाबायने शेंगा दिल्या. त्याने आठ दगड आणले. आठही उलटे निघाले.

त्याला कोणी म्हटलं नाही की तुला दिशा कळत नाहीत. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता खात्री झाली." निबंध लिहिला गेला. त्यावर सरांचं नाव आहे आणि त्या मुलाचं आहे. शेवटी ज्यांचे आभार मानले आहेत त्यांच्यात कुमुद आहे, खोकी पुरवणाऱ्याच्या आधी.

मी रात्र रात्र तळमळते आणि ही मुलगी मला लिहिते, की मलंगगडाच्या वरच्या थरातले दगड कदाचित सुलटे निघतील, म्हणजे चुंबक कुठल्या थराशी पालटलं ते कळेल. चढ अवघड आहे, येशील का? अडकित्ता आणू नकोस. सर तिला सुट्टी देत नाहीत, म्हणून ती रविवारी जाणार आहे. मी येते म्हणून कळवलं आहे. भावाने सोबतीची अट अजून मागे घेतलेली नाही, आणि मी त्याला तशी आठवणही करून देणार नाही.

बारावा दगड माझ्यापाशी आहे. दारात, पायरीच्या कडेला. गेरू बराचसा गेला, खाचांतून थोडा तांबडा दिसतो. परवा आमचे हे त्याच्याकडे पाहून म्हणाले, "खडू घे आणि उत्तरेकडे एक बाण काढून टाक, आल्यागेल्याला सांगायला बरं."

तो खडकात असताना मी त्याला पाहिलं होतं. साधारण कसा बसला होता, ते मला आठवतंसुद्धा. मी त्याच्यावर बाण काढलेला नाही.